आत उघडणारी चोवीस दारं

तिने दार ढकललं आणि आतून "अगं आई गं!" असा आवाज आला.

दार पुढे सरकेना. वीतभर फटीतून तिला आधी एक गुडघा दिसला, मग निळ्या गणवेशाची बाही आणि मग कपाळ चोळणारा हात. आत एक तरुण नर्स उकिडवा बसून, स्टुलावर बसवलेल्या म्हाताऱ्या पेशंटच्या पायात स्लिपर चढवत होता. बाथरूमच्या दाराची कड नेमकी त्याच्या कपाळावर आदळली होती.

"सॉरी, सॉरी... मला वाटलं आत कोणी नाही. फार लागलं का हो?"

"लागलं तर खरं," तो म्हणाला. "पण तुम्ही कशाला माफी मागताय? तुमचा काय दोष?"

"मग कोणाचा?" तिने विचारलं. विचारायला नको होतं.

"ज्या महाशयांनी कागदावर हे दार आत उघडणारं काढलं, त्यांचा! पेशंटच्या बाथरूमचं दार बाहेर उघडावं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आत माणूस पडला, दाराला टेकला, की उघडा बघू बाहेरून! म्हणून कड्या काढून टाकल्यात आम्ही. कोणी आत असलं की आमच्यातला एक जण सोबत. त्या महाशयांना ना, एकदा इथे आत बसवून..."

"ब्रदर," पेशंट म्हणाला, "दुसरा पाय."

तो हसला आणि दुसऱ्या पायाकडे वळला. कपाळावर लाल टेंगूळ उठत होतं, तरी माणूस हसत होता. हसताना त्याचा उजवा डोळा डाव्यापेक्षा जरा जास्त बारीक व्हायचा. तेवढ्या गडबडीतही तिने हे बघून ठेवलं, आणि मग तिची नजर दाराच्या बिजागरीवर गेली आणि तिला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं होईल.

कारण ते महाशय म्हणजे तीच होती.

पाच वर्षांपूर्वी ती तेवीस वर्षांची होती आणि ऑफिसात लागून जेमतेम तीन महिने झाले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या चोवीस खोल्यांचं ड्रॉइंग तिच्याकडे होतं. साहेबांनी दार बाहेरच उघडणारं काढलेलं. ड्रॉइंग पाठवायच्या आदल्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की बाहेर उघडलं की दार समोरच्या वॉश बेसिनला घासतंय. बेसिन हलवायचं तर नळाच्या लाइनी हलवायच्या, म्हणजे साहेबांना विचारायचं. साहेब त्या दिवशी कोणाच्या तरी नावाने खडे फोडत होते. तिने विचारलं नाही. कॉम्प्युटरवर खोलीचा एकच नमुना असतो, त्यातलं एक दार फिरवलं की सगळ्या खोल्यांतली दारं फिरतात. तिने बोटाने एकदा टिचकी मारली आणि चोवीस दारं निमूट आत वळली. बेसिनला घासायचं थांबलं आणि ती वेळेवर घरी गेली.

पुढे काम चालू असताना सुतारकामाच्या मिस्त्रींचा तिला फोन आला होता. "बाई, दार आत उघडतंय. चुकलंय का?" तेव्हा तरी सांगायचं! पण तोवर फरशी बसली होती, बेसिनं लागली होती. तिने शक्य तितक्या ठणठणीत आवाजात सांगितलं, "ड्रॉइंगमध्ये आहे तसंच करा."

"तुम्ही कोणाच्या नातेवाईक?" स्लिपर चढवून झाल्यावर ब्रदरने विचारलं. पुरुष नर्सला हॉस्पिटलात सगळे ब्रदरच म्हणतात.

"मी... नवीन इमारतीचं काम. आर्किटेक्ट आहे."

"अरे वा! त्याच ऑफिसातल्या? मग महाशय तुमच्या ओळखीचे असणार!"

"नाही," ती म्हणाली. "मी नंतर लागले."

इतक्या सहज निघालं ते तोंडातून, की तिचं तिलाच नवल वाटलं.

* * *

आता दैव असं, की मेट्रनबाईंनी वॉर्डातर्फे नवीन इमारतीच्या कामावर नेमलं ते याच ब्रदरला.

हॉस्पिटलच्या मागे जुनं धोबीघर होतं. तिथे नमुन्याची खोली उभी राहत होती. कागदावर खोली कितीही छान दिसली, तरी तिच्यात माणूस वावरल्याशिवाय खरं काय ते कळत नाही. म्हणून इमारत बांधण्याआधी प्लायवुडची, पुऱ्या मापाची एक खोली उभी करायची, तिच्यात खरी खाट ठेवायची, आणि नर्सनी येऊन खोटी खोटी शुश्रूषा करून बघायची. कुठे कोपर अडतं, सलाइनचा स्टँड कुठे अडखळतो, पेशंटला बेल हाताला लागते का, ते लिहायचं. मग भिंत सरकवायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

दुपारी दोनला ब्रदरची पाळी संपायची. अडीचला तो धोबीघरात हजर.

"आज मी कोण?"

"आज तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. झोपा."

"काल अपेंडिक्स काढलंत, परवा पित्ताशय. माझ्यात काही शिल्लक ठेवणार आहात का नाही?"

"हृदय ठेवलंय की," ती वहीत मान घालून म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते कळून तिने जीभ चावली.

"ते आता माझ्याकडे आहे असं वाटतं तुम्हाला?" खाटेवरून शांतपणे आवाज आला.

तिने वही आणखी वर धरली. धोबीघराच्या पत्र्यावर पावसाची रिपरिप चालू होती, तिच्याच आडोशाने तिने न ऐकल्याचं सोंग केलं. तिचे कान मात्र चांगलेच तापले होते.

ती दिसेल ते मोजायची. खाटेपासून खिडकी, खिडकीपासून स्विच, उशीपासून पाण्याचा ग्लास. एकदा तर त्याच्या हाताची लांबी मोजली, बेल किती दूर चालेल ते बघायला, आणि मोजताना टेप दोनदा निसटला. त्या दिवसापासून त्याने तिचं नाव फुटपट्टी ठेवलं. "आल्या का फुटपट्टी?" असं तो दारातून विचारायचा, आणि ती कितीही उशिरा आलेली असली तरी तिला वाटायचं, आपण वेळेवरच आलो.

"ब्रदर, जरा कुशीवर वळा ना."

"एक विनंती आहे. बाकी सगळ्या जगाने म्हणावं, पण तुम्ही मला ब्रदर म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"काहीही म्हणा. भाऊ सोडून बाकी सगळी नाती मोकळी आहेत."

ती हसली. मोकळेपणाने, मान मागे टाकून हसली... आणि मध्येच थांबली. कारण कोपऱ्यात करवत थांबली होती.

करवत मिस्त्रींची होती. तेच मिस्त्री. कंत्राटदाराने नमुन्याची खोली बनवायला नेमकं त्यांनाच पाठवलं होतं. पहिल्या दिवशी ते एवढंच म्हणाले होते, "बऱ्या आहात ना, बाई?" आणि ती "हो" म्हणून भिंतीचं माप घ्यायला वळली होती. त्या भिंतीचं माप तिने त्या दिवशी चारदा घेतलं.

मिस्त्री कधीच काही बोलले नाहीत, आणि तिला तेच सोसवत नव्हतं. ब्रदर रोज एकदा तरी महाशयांचा उद्धार करायचा. "ऑफिस म्हणतं मिस्त्रीने दारं उलटी बसवली. चोवीसच्या चोवीस? एखादं चुकेल माणसाचं. हे कागदावरचंच काम आहे. तो महाशय कुठे तरी खुर्चीत टेकून कॉफी पीत असेल." अशा वेळी मिस्त्री खाली बघून फळीला रंधा मारत राहायचे, आणि ती हसायची. कसंनुसं, पण हसायची. घरी गेल्यावर तेच हसू आठवलं की तिला स्वतःची किळस यायची.

एका दुपारी बाथरूमची पाळी आली. तो नमुन्याच्या बाथरूममध्ये मुद्दाम दाराला टेकून आडवा झाला. तिने बाहेरून हँडल ओढलं. दार सहज बाहेर उघडलं. बेसिन या वेळी तिने खिडकीकडे नेलं होतं, त्यामुळे कुठेही काही घासलं नाही. तो जमिनीवरून वर बघत म्हणाला, "हे डोकं कोणाचं?"

"माझं."

"फुटपट्टी, तुम्ही पाच वर्षांपूर्वी इथे असायला हव्या होतात."

कोणी थोबाडीत मारली असती तरी तिला इतकं लागलं नसतं.

मग त्याने बाही वर केली. कोपराच्या खाली लांब पांढरा व्रण होता. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सतरा नंबरच्या खोलीतले आजोबा बाथरूममध्ये पडले आणि दाराला अडून राहिले. ढकलावं तर दार त्यांच्याच मोडलेल्या कमरेवर. शेवटी हा मागच्या बाजूने पाइपांच्या बोळकांडीत शिरला, बाथरूमच्या झरोक्याच्या काचा काढून आत उतरला. वीस मिनिटं लागली. "वीस मिनिटं ते आतून 'आहात ना?' विचारत होते आणि मी बाहेरून 'आहे' म्हणत होतो," तो म्हणाला. तिने त्या व्रणाला हात लावायला बोट पुढे केलं, आणि तसंच मागे घेतलं. आपल्याला तो हक्क नाही असं तिला वाटलं.

त्या घटनेनंतर हॉस्पिटलने ऑफिसला पत्र पाठवलं होतं. साहेबांनी तिला बोलावून विचारलं होतं, "आपण दार बाहेरच काढलं होतं ना गं?" पहिल्या ड्रॉइंगमध्ये बाहेर होतं, हे खरंच होतं. "हो, साहेब," ती म्हणाली. साहेबांनी उलट लिहिलं, की सुताराने चुकीचं बसवलं. कंत्राटदाराला पुढची कामं हवी होती, तोही मूग गिळून बसला. ते पत्र टाइप करायला तिच्याकडेच आलं होतं. तिने त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्तसुद्धा केली होती.

"तुझं काय बिनसलंय?" एका संध्याकाळी घरी कपड्यांच्या घड्या घालताना वहिनीने विचारलं. "महिनाभर एकटीच हसतेस आणि एकटीच रडतेस. कोण आहे तो?"

"हॉस्पिटलात आहे. ब्रदर."

"ब्रदर? आणि त्याच्या नावाने एवढी लाल होतेस? चांगलंय." मग वहिनीने तिचा चेहरा बघितला आणि चेष्टा थांबवली. तिने सगळं सांगितलं. वहिनी बराच वेळ उशीच्या अभ्र्याची एकच घडी घालत बसली.

"सांगितलंस तर तो जाईल?"

"जाईल."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर राहील. पण मला त्याच्याकडे बघता येणार नाही, वहिनी. आत्ताच येत नाही."

* * *

तीन महिने झाल्यावर नमुन्याची खोली पास करायची बैठक भरली. धोबीघरातच. मेट्रनबाई, साहेब, कंत्राटदार, ब्रदर, ती, आणि दाराजवळ हात बांधून उभे असलेले मिस्त्री.

खोली सगळ्यांना पसंत पडली. मेट्रनबाईंनी बाथरूमचं दार चारदा उघडून पाहिलं. मग चष्म्यावरून मिस्त्रींकडे बघत म्हणाल्या, "एकच सांगायचंय. जुनी दारं ज्यांनी उलटी बसवली, तेच मिस्त्री नवीन इमारतीवर मला नकोत. एक म्हातारा माणूस आयुष्यातून उठला तेव्हा."

"बदलू ना," कंत्राटदार लगेच म्हणाला. "दुसरे बघतो."

मिस्त्रींनी मान वर केली, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. तीन वर्षं चालणारं काम होतं ते.

"मॅडम, हे बरोबर नाही," ब्रदर उभा राहिला. "चोवीस दारं कोणी चुकून उलटी लावत नाही. त्यांना कागद दिला तसं त्यांनी केलं असणार."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे आमच्या ऑफिसने खोटं लिहून दिलं?"

"मला ते माहीत नाही. यांना विचारा ना." त्याने तिच्याकडे हात केला. किती विश्वासाने केला! "या त्याच ऑफिसातल्या आहेत. या खोटं बोलणार नाहीत."

धोबीघरात सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. गप्प बसायचं तिला चांगलं जमत होतं, पाच वर्षांचा सराव होता. आताही नुसतं "मी तेव्हा नव्हते" म्हटलं असतं तरी भागलं असतं. मिस्त्री गेले असते, ती राहिली असती, आणि तोही राहिला असता.

ती उठली. एका हाताने तिने प्लायवुडची भिंत धरली.

"मिस्त्रींनी काही चूक केली नाही. दार मी फिरवलं. साहेबांनाही माहीत नव्हतं. मिस्त्रींनी मला फोन करून विचारलं होतं, मी त्यांना तसंच करा म्हणून सांगितलं. आणि ते पत्र खोटं आहे, हे टाइप करताना मला ठाऊक होतं."

मेट्रनबाईंनी चष्मा काढला. साहेब काहीतरी बोलत होते, ते तिला नीट ऐकू आलं नाही. ती फक्त एकाच माणसाकडे बघत होती, आणि तो माणूस हळूहळू खाली बसत होता.

बैठक मोडल्यावर मिस्त्री तिच्याजवळ आले. ती हात जोडणार, तेवढ्यात ते म्हणाले, "दोन वर्षं सगळीकडे मला उलटा मिस्त्री म्हणतात, बाई. माझ्या जावयाच्या कानावरही गेलंय. आज बोललात, बरं केलंत. पण लवकर बोलायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली.

ब्रदर बाहेर, धोबीघराच्या पायरीवर उभा होता.

"नंतर लागलात ना तुम्ही?"

ती दारातच थांबली.

"तीन महिने मी तुमच्यासमोर त्या माणसाला शिव्या घालतोय, आणि तुम्ही हसत होतात."

"मी हसत नव्हते..."

"हसत होतात. मी बघत होतो. मी तीन महिने दुसरं काही बघतच नव्हतो." त्याचा आवाज चिरकला, आणि तो राग होता की दुसरं काही, हे तिला ठरवता येईना. तो भराभर वॉर्डाकडे निघून गेला.

* * *

साहेबांनी नवीन इमारत दुसऱ्या मुलीकडे दिली. "नोकरीवरून काढत नाही," ते म्हणाले, "पण जुनी दारं तू निस्तर. चोवीसच्या चोवीस. स्वतः उभी राहून."

मग ती रोज तिसऱ्या मजल्यावर उभी राहू लागली. मिस्त्रींनीच काम घेतलं. रोज एक खोली. पेशंटला सकाळी शेजारच्या खोलीत हलवायचं, बेसिन फूटभर सरकवायचं, चौकट फिरवायची, दार बाहेर वळवायचं, धूळ पुसायची, संध्याकाळी पेशंट परत आणायचा. पेशंटना रोज सांगावं लागे, का हलवतोय. पहिल्या दिवशी तिने सांगितलं, "दुरुस्ती आहे." दुसऱ्या दिवसापासून सांगू लागली, "दार माझ्याकडून चुकलं होतं, ते बदलतोय." एक बाई म्हणाल्या, "अगं बाई, तूच का ती!" आणि तिच्याकडे अशा बघत राहिल्या, की तिला आपला चेहरा कुठे ठेवावा ते कळेना. रोज सांगून लाज कमी होईल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. फक्त तिला लाजेसकट उभं राहता यायला लागलं.

खाटा हलवायला ब्रदर असायचाच. "मॅडम, जरा बाजूला." "मॅडम, चाक बघा." एवढंच. फुटपट्टी म्हणणं बंद झालं. तीही त्याला ब्रदर म्हणेना आणि दुसरं काही म्हणायचा धीर नव्हता, त्यामुळे ती त्याला कशानेच हाक मारत नव्हती. कधी खाटेच्या दोन टोकांना दोघं असायचे, मध्ये पेशंट, आणि वळणावर नजरानजर व्हायचीच. तो आधी नजर वळवायचा. पण रोज थोडी उशिरा वळवायचा.

सतरा नंबरची खोली झाली त्या दुपारी मिस्त्री चहाला गेले होते. ती नवीन बिजागरी तपासत होती. दार बाहेर, दार आत... नाही, आत येत नव्हतं. तो दारात येऊन उभा राहिला.

"मला तुम्हाला काही सांगायचंय," तो म्हणाला. "ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. नाहीतर मी सांगणार नाही."

तिने मान हलवली.

"त्या दिवशी आजोबांनी बेल वाजवली होती. मला ऐकू आली. मी काउंटरवर मोबाइलवर मॅच बघत होतो. शेवटची ओव्हर होती. मी म्हटलं, सहा तर चेंडू आहेत. ओव्हर संपवून गेलो. तोवर वाट बघून ते एकटेच उठले होते." त्याने दाराची कड धरली. "मग मी काचा काढून आत उतरलो आणि सगळ्यांनी कौतुक केलं. खाली माझा फोटो लावलाय, बघितला असेल तुम्ही. हारबीर घातलेला. त्या फोटोसमोरून जायला नको म्हणून मी रोज मागच्या जिन्याने येतो."

तिने बिजागरीवरचा हात काढला.

"त्या महाशयांना शिव्या घातल्या की बरं वाटायचं मला. सगळं खापर एकाच माणसाच्या डोक्यावर फोडलेलं. तो माणूस तुम्ही निघालात आणि वर सगळ्यांसमोर उभं राहून बोललात... मला तुमचा राग नाही आला. मला माझीच लाज वाटली. ती लपवायला मी तुमच्यावर रागावलो."

दोघं त्या एवढ्याशा बाथरूमच्या दारात उभे होते. प्रेमात पडलेल्या माणसांना याहून बऱ्या जागा मिळतात, पण त्यांना ती मिळाली होती.

"आजोबा कुठे असतात आता?" तिने विचारलं.

"इथून वीस मिनिटांवर. दोनदा त्यांच्या घराखालून परत आलो."

"आपण जाऊ," ती म्हणाली. "मलाही सांगायचंच आहे. एकटीला मला जमणार नाही."

* * *

रविवारी दुपारी ते त्या इमारतीखाली उभे राहिले. "तुम्ही आधी." "नाही, तुम्ही आधी, तुमची ओळख आहे." "म्हणून तर!" असं करत करत तीन मजले चढले. लिफ्ट नव्हती. तिने सवयीने पायऱ्या मोजल्या. बावन्न होत्या.

आजींनी दार उघडलं. ब्रदरला बघून त्यांचा चेहरा फुलला. "अहो, बघा कोण आलंय, तुम्हाला बाहेर काढणारा मुलगा!" त्याची मान खाली गेली. आजोबा खिडकीशी खुर्चीत बसले होते, शेजारी चार पायांची काठी.

त्याने बसायच्या आधीच सांगितलं. बेल, मॅच, ओव्हर, सगळं. मग तिने सांगितलं. दार, फोन, पत्र. कोणाचंही वाक्य धड झालं नाही. आजींच्या हातातला चहाचा ट्रे तसाच राहिला.

आजोबा खिडकीबाहेर बघू लागले.

"दोनदा वाजवली होती बेल," ते म्हणाले. "दोनदा. मला वाटलं, बिघडली असेल." मग तिच्याकडे वळले. "दोन वर्षं झाली, मी हा जिना उतरलो नाही, पोरी. पाय सरकेल असं वाटतं. खाली मैदान आहे, तिथली मुलं मोठी झाली. मला वरून फक्त डोकी दिसतात."

"आम्हाला माफ करा असं म्हणायलाही तोंड नाही," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मग म्हणू नका." आजोबांनी काठी जमिनीवर हलकेच आपटली. "पुढच्या रविवारी या. दोघंही या. मला खाली न्या. एक पुढे, एक मागे. पडलो तर दोघांवर पडेन."

आजींनी ट्रे ठेवला आणि पदराने डोळे टिपले. त्यांना रागवायचं होतं बहुतेक, पण समोर बसलेले दोन चेहरे बघून जमेना. त्यांनी दोघांच्या हातात कप दिले आणि जरा वेळाने म्हणाल्या, "दर रविवारी येणार म्हणता, तर शेजारी विचारतील मला. तुम्ही दोघं एकमेकांचे कोण?"

ब्रदर कपात बघू लागला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

तिला कळलं, की आता गप्प बसलं तर हेही तसंच राहून जाईल. वर्षानुवर्षं. चेहरा पेटला होता, लपायला तर साधी वहीसुद्धा नव्हती.

"मला हे आवडतात, आजी," ती म्हणाली. "खूप आवडतात. पण ते मी यांना अजून सांगितलेलं नाही."

मग आजोबा म्हणाले, "मला कमी ऐकू येतं. पण एवढं मलासुद्धा ऐकू आलं."

ब्रदरने कप खाली ठेवला. जरा आपटलाच. आजोबांकडे, आजींकडे, कुठेच न बघता तो सरळ तिच्याकडे वळला. या वेळी त्याने नजर काढून घेतली नाही.

"पुढच्या रविवारी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पुन्हा चिरकला, "मी तुला घरी घ्यायला येऊ?"